पांढरं म्हणजे कोरडं

माझी थोरली बहीण रडारच्या चित्राला ‘रंगपंचमी’ म्हणते. चांदूर बाजारहून तिचा फोन आला की ख्यालीखुशाली नाही, जेवलास का नाही, थेट प्रश्न: “भाऊ, तुह्या रंगपंचमीत काय दिसते?” मग अकोल्याच्या कॉलेजात अर्धं आयुष्य भौतिकशास्त्र शिकवलेला मी तिला बालवाडीच्या बाईंसारखा सांगू लागतो. हिरवं म्हणजे भुरभुर. पिवळं म्हणजे बऱ्यापैकी. लाल म्हणजे छतावरचं सगळं उचला.

“आन् पांढरं?”

“पांढरं म्हणजे कोरडं.”

हे शेवटचं वाक्य मी इतक्या सहज बोललो होतो, की आता आठवलं की स्वतःचाच कान पिळावासा वाटतो.

झालं असं होतं. एका कंपनीने वऱ्हाडासाठी पावसाची चित्रं तयार केली होती. रडार दूर पूर्वेला; त्याची माहिती घ्यायची, तिच्यावर प्रक्रिया करायची आणि मोबाइलवर लोकांना दाखवायची. ही चित्रं कितपत खरी आणि सामान्य माणसाला कितपत उपयोगी, हे ठरवायला अकोल्यातल्या एका संस्थेने समिती नेमली. समितीला एक भौतिकशास्त्रवाला हवा होता. मला समित्या आवडतात. खुर्ची बरी असते, फरसाण ताजं असतं, आणि आपण गंभीर चेहरा करून ‘हा मुद्दा महत्त्वाचा आहे’ असं म्हटलं की सगळे लिहून घेतात. मी हो म्हणालो.

फरसाण खरोखरच ताजं होतं. बाकी सगळ्या बाबतीत मी फसलो.

रडारचं काम तसं सोपं आहे. चिखलदऱ्याला कड्यावर उभं राहून आपण हाक मारतो आणि समोरचा डोंगर ती परत देतो, तसं रडार आभाळाला हाक मारतं. थेंबांवर आपटून जी हाक परत येते तिच्या जोरावरून पाऊस किती ते ठरवायचं. अडचण एवढीच, की हाक जाते सरळ आणि पृथ्वी आहे गोल. आमच्या वऱ्हाडापर्यंत पोचेस्तोवर ती हाक गावावरून खूप उंचावरून निघून जाते. वर ढगात पाणी असतं, ते तिला दिसतं. पण वैशाखातल्या आमच्या हवेत ते पाणी खाली येता येताच सुकतं. चित्रात चांदूर बाजार लालभडक, आणि ताईच्या अंगणात कोंबडी धुळीत अंघोळ करते आहे, असं मी स्वतः पाहिलं आहे.

चित्रं तीन प्रकारची होती. मी त्यांना तीन भाऊ म्हणायचो. थोरला म्हणजे कच्चं चित्र; रडारला जे ऐकू आलं ते जसंच्या तसं. हा थोरला प्रामाणिक होता, पण त्याला एक खोड होती. रोज सकाळी मेळघाटाच्या डोंगरांवर त्याला एक हिरवा डाग दिसायचा. पाऊस नाही, ढग नाही, डोंगराचाच प्रतिध्वनी. मधला भाऊ पुढच्या दोन तासांचं भविष्य सांगायचा. त्याची पद्धत अशी, की आत्ता ढग ज्या दिशेने चालला आहे त्याच दिशेने त्याला बैलगाडीसारखं हाकत न्यायचं. वाटेत ढग विरतो, नवा उगवतो, हे त्याच्या गावीही नव्हतं. धाकटा सगळ्यांत देखणा. त्याच्यात खोटे डाग पुसलेले, कडा गुळगुळीत, रंग मिठाईच्या दुकानातल्या बर्फीसारखे. कंपनीचा जीव धाकट्यावर. मोबाइलवर लोकांना तोच दिसत होता; समितीचं तपासून व्हायच्या आधीच कंपनीने तो वाटायला सुरुवात केली होती.

“हे स्वच्छ केलेलं प्रॉडक्ट आहे, सर,” कंपनीचा माणूस म्हणाला. गोड माणूस होता. त्याच्यावर चिडताही येत नसे, हा आणखी एक वैताग.

समितीला गावातल्या घरातून चाचणी हवी होती. मी ताईचं घर सुचवलं. कारण सरळ होतं: जी गोष्ट माझ्या ताईला पसंत पडेल ती जगात कुणालाही पसंत पडेल. आणि तिला त्या उन्हाळ्यात हवामानाची खरीखुरी गरजही होती. घरात लग्न होतं. भाचीला परतवाड्याला दिली होती, आणि तिच्या रुखवतात कुरोड्या मांडायच्या होत्या. बाकीचा महाराष्ट्र ज्यांना कुरडया म्हणतो, त्याच.

आता रुखवतातल्या कुरोड्या म्हणजे काही खाण्याचा पदार्थ नव्हे; तो अब्रूचा पदार्थ आहे. वरपक्षाच्या बायका मांडवात येतात, नवरीकडे एकदा बघतात आणि रुखवताकडे वळतात. मागच्या वर्षी समोरच्या घरच्या लग्नात रुखवतात बाजारच्या कुरोड्या निघाल्या, तेव्हा ताईने त्या बाईला भर मांडवात विचारलं होतं, “काहून वं, यंदा तुमच्या इथं ऊन नाही पडलं का?” हे सगळ्या गल्लीला पाठ होतं. समोरच्या बाईला तर जास्तच. त्यामुळे ताईच्या कुरोड्या चुकल्या असत्या, तर लेकीच्या लग्नात तिला मान वर करायची सोय नव्हती.

कुरोड्यांचं गणित कठोर असतं. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा. चीक रात्रभर बसला की सकाळी शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा. एकदा चीक शिजला की थांबता येत नाही, आणि न शिजवता ठेवला तर आंबतो. त्यात आमच्याकडची पद्धत अशी, की गल्लीतल्या बायका पाळीने एकमेकींकडे जातात. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. ताईची पाळी ठरलेली. ती बदलायची तर सगळ्या गल्लीचे गहू बदलावे लागले असते.

मी सुट्टीच्या दिवशी अकोल्याहून बसने परतवाडा आणि पुढे जीपने चांदूर बाजार असा उन्हात तळून निघत गेलो, ताईच्या मोबाइलवर चित्रं उघडून दिली आणि छतावर पर्जन्यमापक बसवला. चित्र म्हणतं तेवढा पाऊस खरंच पडला का, हे त्यावरून ताडून पाहायचं होतं. पुढच्या खेपेला गेलो तर पर्जन्यमापकाचं नरसाळं गायब.

“ते होय?” ताई म्हणाली. “तेल भराले घेतलं. लय चांगलं हाये, एक थेंब सांडत नाही.”

“अवं ताई, ते पावसाचं हाये!”

“पाऊस तं येऊन नाही राह्यला. तेल रोज लागते.”

मी तीन चित्रांबद्दल तिला पुन्हा समजावलं. ती शांतपणे ऐकत गव्हातले खडे काढत होती. शेवटी म्हणाली, “हे सारं ठीक हाये. माह्या पाळीच्या दिवशी दुपारी पाऊस येते का, तेवढं सांग.”

“रडार पुढच्या आठवड्याचं सांगत नाही, ताई. आत्ता कुठं पडून राहिला ते सांगते.”

“आत्ता पडते ते तं मले बी दिसते. डोये हायेत मले.”

“पुढच्या दोन तासांचंही सांगते.”

“दोन तासांत कुरोडी वायते का?”

दोन तासांत कुरोडी वाळते का, याला भौतिकशास्त्रात उत्तर नाही. समितीच्या पुढच्या बैठकीत मी हा मुद्दा मांडला: चित्र खरं असून उपयोगाचं नाही, कारण ते दोन तासांचं उत्तर देतं आणि बाईचा प्रश्न अख्ख्या दिवसाचा आहे. अध्यक्ष म्हणाले, “हा मुद्दा महत्त्वाचा आहे.” सगळ्यांनी लिहून घेतलं. त्यानंतर चहा आला.

इकडे ताईच्या घरात एक चौथं प्रॉडक्ट आधीपासून चालू होतं. शेजारच्या खालाचा, पाऊस यायच्या आधी दुखणारा गुडघा. खाला म्हणजे ताईची तीस वर्षांची मैत्रीण. ईदच्या शेवया दोघी मिळून करतात, कुरोड्याही. “भैया, मेरा घुटना झूठ नहीं बोलता,” खालाने मला बजावलं. मी म्हटलं, चला, यालाही तपासू. रडारला जी कसोटी, तीच गुडघ्याला. महिनाभर मी दोघांचा हिशेब ठेवला. गुडघा तीनदा बोलला; एकदा पाऊस आला, एकदा आला नाही, आणि एकदा खालाचे जावई आले. मी हे तिला सांगितलं तेव्हा ती खूप दुखावली. “जमाई भी तो आफतच हाये ना,” असं म्हणून तिने तोही अंदाज आपल्या खात्यावर घातला.

मग पाळीचा दिवस आला. नेमकी त्याच दिवशी अकोल्यात समितीची शेवटची बैठक. मी ताईला आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेवलं होतं, की सकाळी चीक शिजवायच्या आधी चित्र बघ. तिने बघितलं. तिच्या मोबाइलवर धाकटा उघडला. अख्खं वऱ्हाड पांढरंशुभ्र. तिने चुलीवर पातेलं चढवलं, बायका छतावर गेल्या, बाजा मांडल्या, त्यावर धोतरं पसरली आणि कुरोड्या पडू लागल्या.

इकडे बैठकीत कंपनीचा माणूस पडद्यावर चित्रं दाखवत होता. धाकटा पांढरा. मधला पांढरा. “आज पूर्ण विभाग कोरडा आहे, सर,” तो हसून म्हणाला. थोरलाही पांढरा होता. मी फरसाण चघळत पडद्याकडे बघत होतो, आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटू लागलं. घरात रोज भांडणारा माणूस एखाद्या दिवशी बोलत नाही तेव्हा वाटतं, तसं.

मेळघाटावरचा डाग नव्हता.

तो खोटा हिरवा डाग, ज्याच्या नावाने मी महिनाभर शिव्या घातल्या, तो आज नव्हता. डोंगर तर कुठे गेले नसणार. म्हणजे हाकच मारली गेली नव्हती. रडार बंद होतं, आणि ज्या वेळी माहितीच आली नाही त्या वेळी चित्र जो रंग लावत होतं तो पांढरा होता. पाऊस नसला तरी पांढरं, काही माहीत नसलं तरी पांढरं. धाकट्यात तर हे कळायला काही मार्गच नव्हता, कारण त्याच्यातला डाग कंपनीने मोठ्या प्रेमाने आधीच पुसून ठेवला होता.

मी उठलो, व्हरांड्यात गेलो आणि ताईला फोन लावला.

“ताई, कुरोड्या कुठी हायेत?”

“कुठी असतीन? छतावर. सासरी नाही गेल्या अजून.”

“उचला त्या.”

“काहून? पाऊस येऊन राह्यला का?”

“मले माहीत नाही.”

फोनवर मागे बायकांच्या हसण्याचा आवाज.

“रंगपंचमीत काय हाये?”

“काहीच नाही. सारं पांढरं.”

“पांढरं म्हणजे कोरडं. तूच सांगतलं.”

“आज पांढरं म्हणजे आंधळं हाये, ताई. रडार बंद हाये. त्याले काहीच दिसून नाही राह्यलं.”

“आंधळा हाये तं सांगत काहून नाही, आंधळा हाये म्हणून? कोरडं हाये असं काहून सांगते?”

महिनाभर समितीत जो प्रश्न कुणी विचारला नव्हता, तो तिने दोन वाक्यांत विचारला, आणि तोही माझ्यावर ओरडून. जणू रडार मीच फिरवत होतो. मी हताश झालो आणि आयुष्यात कधी विचारीन असं वाटलं नव्हतं ते विचारलं:

“खालाचा गुडघा काय म्हणते?”

ताईने तिथूनच हाक मारली. खालाचा आवाज आला, “आज तो एकदम चुप है. मस्त लग रहा है.”

मला क्षणभर हायसं वाटलं. मग मेळघाट आठवला.

“खालाले इचार, गोळी घेतली का?”

पुन्हा विचारणा झाली. “हो, घेतली म्हणते. सकाळीच. छतावर चढाचं होतं ना.”

म्हणजे गुडघाही बंद होता! माझ्या आजूबाजूचं सगळं जग दुखायचं थांबलं होतं आणि कुणालाच काही माहीत नव्हतं. मी व्हरांड्यात उभा राहून एकटाच हसत सुटलो. आतून अध्यक्षांनी काचेतून माझ्याकडे बघितलं.

“हसतं काय?” ताई कडाडली. “उचलू का नको, एक सांग!”

“मी नाही सांगू शकत, ताई.”

“मंग फोन कायले केला?”

हे बोलून तिने फोन ठेवला. आणि तिने जे केलं ते मला नंतर कळलं. तिने निम्म्या बाजा खाली घरात नेल्या आणि निम्म्या वर ठेवल्या. तिचं म्हणणं असं, की आंधळ्याच्या भरवशावर सगळं ठेवायचं नाही आणि शहाण्याच्या भरवशावरही नाही. यातला शहाणा मी.

दुपारी वारा सुटला. पाऊस चांदूर बाजारला आला नाही. आला तो फक्त धुळीचा लोट आणि मोजून विसरावे इतके थेंब. वरच्या कुरोड्या कडक वाळल्या, पण धुळीने मळल्या. खालच्या पंख्याखाली पांढऱ्या राहिल्या, पण आतून ओलसर, आणि वास थोडा आंबूस. धूळ बसलेली कुरोडी धुता येत नाही. आंबट कुरोडी वाळवून गोड होत नाही. म्हणजे माझ्या फोनचा नेमका उपयोग काय झाला, यावर आमच्या घरात आजही दोन पक्ष आहेत, आणि माझ्या पक्षात मी एकटा आहे.

मी अहवालात एकच मागणी लिहिली. ‘माहीत नाही’ यासाठी वेगळा रंग द्या. राखाडी द्या, काळा द्या, चट्टेपट्टे द्या, पण पांढरा नको. आणि मेळघाटावरचा डाग पुसू नका, निदान तो दिसत नसेल तर लोकांना सांगा. कंपनीच्या गोड माणसाने सांगितलं, “सर, राखाडी रंग स्क्रीनवर डल दिसतो. लोकांना वाटेल सिस्टीम चालत नाही.”

“नव्हतीच चालत!”

“हो सर, पण तसं वाटायला नको.”

अंतिम अहवालात माझा मुद्दा ‘रंगसंगतीबाबत एक सूचना’ या मथळ्याखाली आला. चित्रं ‘उपयुक्त’ ठरली. अध्यक्षांनी सगळ्यांना रोपं दिली. माझं तुळशीचं होतं.

मग लग्न. ताईने रुखवत असं मांडलं होतं, की वर पांढऱ्या कुरोड्या आणि खाली धुळकट. त्यातल्या ज्यांना जास्त वास येत होता त्यांच्या शेजारी तिने मोगऱ्याचे गजरे ठेवले होते. समोरच्या घरची बाई पहिल्याच रांगेत येऊन बसली होती, आणि वर्षभर राखून ठेवलेलं वाक्य तिच्या ओठांवर आलेलं मला लांबूनच दिसत होतं. खाला रुखवताशेजारी पहाऱ्याला उभी होती.

वरपक्षाच्या बायका आल्या. नवरदेवाची आत्या पुढे होती. धिप्पाड, नाकात मोठी नथ. तिने नवरीकडे एकदा बघितलं, रुखवताकडे वळली, आणि सरळ वरची कुरोडी उचलून खालची हातात घेतली. आत्याने कुरोडी उजेडात धरली, फिरवली, बोटाने धूळ पुसली.

“कोणत्या दिवशी घातल्या वं?”

ताईने दिवस सांगितला. खोटं बोलता आलं असतं, बोलली नाही.

आत्या मटकन खुर्चीवर बसली. “त्याच दिवशी आमी बी घातल्या. परतवाड्याले. तुमच्या इकडं वारं आलं असंन, आमच्या इकडं धो धो आला. माह्या साऱ्या कुरोड्यांचा लगदा झाला, बाई. छतावरून धारा लागल्या पांढऱ्या. लेकराच्या लग्नात आमच्या घरी एक कुरोडी नाही.” मग ती तावातावाने म्हणाली, “आन् मोबाइलवर सकाळी पाह्यलं होतं मी! सारं पांढरं. पांढरं म्हणजे कोरडं, असं कोण मुडदा सांगते लोकाईले?”

समोरच्या घरच्या बाईचं वाक्य तिच्या तोंडातच राहिलं. खालाने माझ्याकडे बघितलं. ताईने माझ्याकडे बघितलं. भाचीनेही, मुंडावळ्या बाजूला सारून, माझ्याकडे बघितलं. मी अतिशय बारकाईने मांडवाचं कापड बघू लागलो.

“हे माह्ये भाऊ,” ताई म्हणाली. “अकोल्याचे. तेच तपासतात ते मोबाइलवालं.”

“असं का?” आत्या माझ्याकडे वळली. “मंग तपासलं का?”

“तपासलं,” मी म्हणालो. “मी लिहून दिलं होतं की...”

“तुमी सांगतलं त्याईले, पांढरं केलं तं आमचं वाटोळं होते म्हणून?”

“सांगितलं. त्यांनी ते रंगसंगतीत टाकलं.”

“कशात टाकलं?”

मी समजावून सांगू लागलो. हाक, डोंगर, डाग, धाकटा भाऊ. अर्ध्यावर आल्यावर माझ्या लक्षात आलं की तिचं माझ्याकडे लक्ष नाही. ताई रुखवतापाशी खाली वाकली होती आणि मोठ्या स्टीलच्या डब्यात कुरोड्या भरत होती. वरच्या पांढऱ्या बाजूला सारून खालच्या, धुळकट, कडक वाळलेल्या.

“या घेऊन जा,” ती आत्याला म्हणाली. “याईले वास नाही. तेलात पहिला घाणा टाकून द्या, धूळ बसते खाली.”

आत्याने डबा मांडीवर घेतला, झाकण उघडून पुन्हा एकदा बघितलं आणि घट्ट लावलं. मग माझ्याकडे न बघता ताईला विचारलं, “पुढच्या वर्षी तुमी कोणाले इचारून घालसान?”

ताई म्हणाली, “खालाले. पण गोळी घ्याच्या आधी.”